फेलिक्सचा निकाल

रोमन साम्राज्यातल्या ख्रिश्चनांवर पीएचडी करायला जपानला कशाला यायचं, असं मला तोक्योतल्या निशी-कसाई भागातल्या प्रत्येक मराठी बाईनं निदान एकदा तरी विचारलं आहे. आधी मी नीट उत्तर द्यायची. सेंदाईच्या विद्यापीठात या विषयातले एक जुने प्राध्यापक आहेत, नवऱ्याचं, अंबरीषचं, काँट्रॅक्ट तोक्योत आहे, दोन्ही जमतं, म्हणून. नंतर नंतर मी नुसती हसायची. सोमवार ते शुक्रवार सेंदाईत एका खोलीत राहायचं, शुक्रवारी संध्याकाळी बसनं तोक्योला यायचं आणि शनिवार-रविवार नवऱ्याच्या घरी पोळ्या करून ठेवायच्या, असा माझा संसार. विद्वान म्हणून मला मंडळात मान होता आणि तो मला आवडत होता, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्या मानापायी झालं.

मंडळ म्हणजे निशी-कसाई आणि हिगाशी-कसाईतली साठेक मराठी घरं. सगळे आयटीवाले, पुण्या-मुंबईचे, बहुतेक जण एकाच बँकेच्या प्रोजेक्टवर. सेक्रेटरी चारुता. ती नोकरी करत नव्हती, त्यामुळे मंडळच चालवायची आणि ऑफिस चालवावं तसं चालवायची. आणि भटजी होते विलासराव बिवलकर. म्हणजे भटजी नव्हेत, टेस्टिंग टीममधले सीनियर, वय पंचेचाळीस. पण वडील वाईला भिक्षुकी करायचे, त्यांच्याकडून सगळं शिकलेले. जपानात दुसरं कोण मिळणार? सत्यनारायण, वास्तुशांत, गणपतीची प्रतिष्ठापना, सगळं तेच करायचे. तीन मुलांच्या मुंजीही त्यांनी इथेच लावल्या होत्या. त्यात चारुताचा ऋषी होता. ऋषीच्या बाबांना गायत्री मंत्र येत नव्हता, म्हणून तोही विलासरावांनीच ऋषीच्या कानात सांगितला. दक्षिणा घ्यायचे नाहीत. घरी जाताना शिऱ्याचा डबा तेवढा न्यायचे.

त्यांची एक पद्धत होती. संकल्पाच्या वेळी ते यजमानाला हळूच विचारायचे, पूजा कशासाठी, आणि मग संस्कृत संकल्प झाला की तेच मराठीत म्हणायचे. देवाला कळतंच, पण आपण काय मागितलं हे आपल्याला कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबरमध्ये श्यामकडे सत्यनारायण होता. श्याम अंबरीषच्या टीममधला. बाकीची मंडळी पाचला येणार होती, मी साडेतीनलाच गेले होते, प्रसादाचा शिरा करायला. उल्काला, म्हणजे श्यामच्या बायकोला, शिऱ्याचा अंदाज नाही. मी ओट्याशी रवा भाजत होते आणि बाहेर विलासराव संकल्प सांगत होते. बाणेरला फ्लॅट घेतला आहे, तो निर्विघ्न ताब्यात यावा. आणि उल्काला दिवस राहिले आहेत, तिसरा महिना, सगळं सुखरूप व्हावं. उल्कानं मंडळात कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी ऐकलं, शिरा हलवत राहिले आणि घरी आल्यावर अंबरीषला सांगितलं. नवरा-बायको बोलतात तसंच. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

जानेवारीत बँकेनं प्रोजेक्ट अर्धा कापला. अमेरिकेतलं संकट इथे पोचलं होतं. सात जणांना पंधरा दिवसांची नोटीस मिळाली, त्यात श्याम होता. मोठी मुलगी ओवी जपानी शाळेत दुसरीत. तिला वर्गाचा निरोपही धड घेता आला नाही. तिचं ते लाल चामड्याचं दप्तर बॅगेत मावेना, म्हणून श्यामनं ते खुर्च्या-गाद्यांबरोबर इमारतीच्या कचऱ्याच्या जागी ठेवलं. मोठ्या कचऱ्याला तिकीट चिकटवावं लागतं, ते घाईत राहिलं. महिनाभर ते दप्तर तिथेच होतं, वर 'उचलता येत नाही' अशी पिवळी चिठ्ठी. येता-जाता सगळ्यांना दिसायचं. पुण्याला पोचल्यावर दुसऱ्या आठवड्यात उल्काचा गर्भ पडला. डॉक्टर म्हणाले, सामान हलवण्याशी त्याचा संबंध नाही. पण मंडळाला डॉक्टरचं मत नको होतं, दोष द्यायला माणूस हवा होता.

मार्चमध्ये मंडळाच्या अभ्यासवर्गात माझं व्याख्यान होतं. विषय मीच निवडला होता. तीनशे तीन साली सम्राटाचा हुकूम निघाला की ख्रिश्चनांनी आपले धर्मग्रंथ सरकारजमा करावेत. काहींनी जीव दिला, काहींनी ग्रंथ दिले. एका पठ्ठ्यानं धर्मग्रंथ म्हणून वैद्यकाची पुस्तकं दिली आणि सुटला. यावर लोक हसले. मग मी रंगात आले. छळ संपल्यावर प्रश्न आला की ज्यांनी ग्रंथ दिले त्यांचं काय करायचं? कार्थेजच्या नव्या बिशपला दीक्षा देणाऱ्यांत फेलिक्स नावाचा एक बिशप होता, आणि त्यानं ग्रंथ दिले असा बोभाटा झाला. मग तो नवा बिशप तरी बिशप कसला? त्यानं केलेले बाप्तिस्मे तरी खरे कसे? कडवे लोक वेगळे झाले. बाटलेल्या हातानं दिलेला बाप्तिस्मा त्यांनी रद्द धरला आणि लोकांना पुन्हा दिला. एकाच गावात दोन चर्च, दोन बिशप, आणि दोघंही म्हणणार, आम्हीच खरे.

एवढ्यात पाच वाजत आले. हॉल पाचला रिकामा करावा लागतो, खुर्च्या रचून, फरशी पुसून. फेलिक्सचं पुढे काय झालं ते राहूनच गेलं. टाळ्या मात्र भरपूर मिळाल्या. चारुता म्हणाली, किती आपल्यासारखंच आहे गं, आणि मी फुशारले.

एप्रिलमध्ये श्यामची मेल आली. पुण्याच्या ऑफिसात एचआरनं चुकून त्याला ती यादी दाखवली होती. कुणाला परत पाठवावं याची यादी तोक्योहूनच कुणीतरी करून दिली होती. देणाऱ्याचं नाव नव्हतं, पण प्रत्येकापुढे शेरा होता. श्यामपुढे लिहिलं होतं, 'बाणेरला फ्लॅट घेतला आहे, बायको गरोदर, तसाही परत जाईल.' श्यामनं चारुताला विचारलं होतं, हे विलासरावांखेरीज कुणाला माहीत होतं?

चारुतानं ती मेल सगळ्यांना पाठवली. त्यानंतर जे झालं त्याला आरडाओरडा लागला नाही. विलासरावांना पूजेला बोलावणं बंद झालं. स्टेशनवर दिसले तर लोक मोबाइल काढून त्यात डोकं घालायचे. त्यांची बायको विभा इंडियन दुकानात डाळ घ्यायला गेली की बायका दुसऱ्या रांगेत जायच्या. आणि चारुतानं माझं व्याख्यान बाहेर काढलं. म्हणाली, सुचेतानं सांगितलंच आहे ना, हातच बाटलेला असेल तर संस्कार कसला, ऋषीची मुंज पुन्हा लावायची. बाकीच्या दोन मुंजीवाल्यांनीही मान डोलावली. पुण्याचे एक गुरुजी स्काइपवरून सांगायला तयार होते. मला हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या विषयाचा कुणाला तरी उपयोग होत होता. आणि विलासरावांचा मला संतापही आला होता. देवापुढे ऐकलेलं साहेबाला विकणारा माणूस म्हणजे काय, असं मीच दोन-चार जणींना म्हटलं होतं.

जूनमध्ये माझा लॅपटॉप बंद पडला म्हणून एका रविवारी मी अंबरीषचा उघडला. माझी फाइल शोधताना एक्सेलची एक फाइल दिसली. सात नावं, सात शेरे. चौथ्या ओळीत श्याम.

मी अंबरीषसमोर लॅपटॉप नेऊन ठेवला. तो जेवत होता. त्यानं पाहिलं आणि घास संपवला.

"कुणाची तरी नावं द्यायचीच होती," तो म्हणाला. "मॅनेजर म्हणाले, अंबरीष-सान, तुम्ही तुमची माणसं ओळखता, ज्यांना कमी त्रास होईल ते सांगा. नाहीतर आठवा मी होतो. आणि फ्लॅटचं तूच सांगितलंस."

मी खूप बोलले. विलासरावांचं नाव घेतात ते ऐकून गप्प कसा बसलास, असं विचारलं. तो म्हणाला, मी कुठे त्यांचं नाव घेतलं? मग त्यानं मला माझं गणित मांडून दाखवलं. मी त्याच्या व्हिसावर. प्रबंधाला अजून दीड वर्ष. मंडळाला कळलं तर त्याच्या टीममधला एकही माणूस त्याच्याशी बोलणार नाही आणि टीम चालली नाही की पुढच्या यादीत तो. हे सगळं खरं होतं. पण मी गप्प बसले त्याचं कारण ते नव्हतं. ते शब्द माझे होते. शिरा हलवता हलवता कान देऊन ऐकून घरी आणलेले आणि मग सोयीनं विसरलेले. मला लाज वाटत होती आणि ती दुसऱ्या कुणाला दिसायला नको होती. बस्स.

जुलैत विलासराव सेंदाईला आले. आधी फोन नाही, काही नाही, दुपारी लायब्ररीच्या दारात उभे. सहा तास बसनं आले होते, संध्याकाळच्या बसनं परत जाणार होते. मी त्यांना कॅन्टीनमध्ये नेलं. शर्ट इस्त्रीचा होता, पण गळ्याभोवती सैल पडला होता. त्यांनी चहा घेतला नाही. पिशवीतून कागद काढले. वॉर्डच्या लायब्ररीत, इंटरनेटवर, जिथे मिळेल तिथे त्यांनी फेलिक्सचं शोधून वाचलं होतं, डिक्शनरी घेऊन, समासात पेन्सिलीनं मराठीत अर्थ लिहून.

मला म्हणाले, ताई, तुम्ही त्या दिवशी शेवट सांगितला नाहीत. सरकारी चौकशी झाली. ज्या पत्रावरून आरोप होता त्यात कुणीतरी मागाहून मजकूर घुसडला होता. फेलिक्सनं ग्रंथ दिलेच नव्हते. बरोबर ना? मी म्हटलं, बरोबर.

"मग एवढंच सांगा," ते म्हणाले. "ऑगस्टमध्ये गणपतीची मीटिंग आहे. माझी बाजू घेऊ नका. फक्त त्या गोष्टीचा शेवट सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं तर कुणाला तरी वाटेल, इथेही चूक झाली असेल."

मी काहीतरी पुटपुटले. ते कागद सारखे करत होते. मग खाली बघूनच म्हणाले, "त्या दिवशी संकल्पाच्या वेळी घरात आम्ही तिघं होतो. आणि आत तुम्ही. श्याम स्वतःचं नाव देणार नाही. मी बोललो नाही, विभालासुद्धा नाही. मी तुम्हाला काही विचारत नाही, ताई. विचारणारही नाही. मला कुणाचं नाव नको आहे. मला फक्त परत त्यांच्यात बसायचंय. या देशात मला दुसरं कोण आहे?"

त्यांना माहीत होतं. कदाचित पहिल्या दिवसापासून. आणि तीन महिने तो माणूस वाळीत पडला होता, बायकोला डाळ आणायला पाठवत होता, पण तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, सांगते, नक्की सांगते. ते उठून उभे राहिले आणि मला नमस्कार केला. मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. त्या वेळी मला खरंच सांगायचं होतं.

ऑगस्टचा पहिला रविवार. हॉल भरला होता, एसी चालत असूनही उकडत होतं. अंबरीष दुसऱ्या रांगेत बसला होता, चारुतानं त्याला प्रोजेक्टरचं काम दिलं होतं. विलासराव मागे भिंतीशी उभे होते, विभा बाहेर थांबली होती. चारुतानं मुंजीचा विषय काढला. तीन मुंजी पुन्हा लावायच्या, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, हात वर करा. तेव्हा विलासराव पुढे आले. आवाज शांत होता. म्हणाले, हे ज्या गोष्टीवरून सुरू झालं ती गोष्ट अर्धीच ऐकली आहे आपण. फेलिक्सचं पुढे काय झालं ते सुचेताताईंना विचारा. मग माझं काय करायचं ते करा.

सगळे माझ्याकडे वळले. मी उठले. वाक्य तयार होतं, बसमध्ये दहादा म्हटलेलं. तेवढ्यात चारुता म्हणाली, म्हणजे काय, तो निर्दोष होता? मग आपल्या केसमध्ये दुसरंच कुणी असेल तर शोधायला नको का? श्यामची मेल आहेच, त्या दिवशी कोण कोण लवकर आलं होतं ते उल्काला विचारू या.

अंबरीष प्रोजेक्टरच्या वायरीकडे बघत होता.

मी म्हटलं, चौकशी झाली होती, पण कागदपत्रं फार विस्कळीत आहेत. फेलिक्स दोषी होता की नव्हता, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. हे धडधडीत खोटं होतं. त्या चौकशीचा वृत्तांत शिल्लक आहे, निकाल स्वच्छ आहे, माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण त्यावरच आहे. पण एकदा खोटं बोलायला लागल्यावर मला चांगलंच जमू लागलं. व्याख्यानाचा सूर लागला. म्हटलं, खरा मुद्दा तो नाहीच. जे चर्च पुढे टिकलं त्यानं मोठं मन दाखवलं. त्यांनी म्हटलं, देणाऱ्याचा हात मळलेला असला तरी दिलेलं मळत नाही. बाप्तिस्मा देवाचा असतो, बिशपचा नसतो. आपणही तेच म्हणू या. मुंजी पुन्हा लावायची गरज नाही. विलासरावांनी जे केलं ते केलं. मुलांच्या संस्काराला त्यानं बाध येत नाही.

हॉलमध्ये सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, क्या बात है. चारुताचेही डोळे पाणावले होते, कारण स्काइपचे गुरुजी महाग पडत होते आणि आता ते न बोलावता मोठं मन दाखवता येत होतं. मी लोकांना त्यांच्याच नजरेत चांगलं केलं होतं, आणि विलासरावांनी केलं ते केलं, हे आता ठरून गेलं होतं. त्यावर पुन्हा कुणी बोलणार नव्हतं.

विलासराव माझ्याकडे बघत होते. त्यांनी ते कागद आणले होते, समासात पेन्सिलीनं लिहिलेले. ते काढून दाखवता आले असते. माझं नावही घेता आलं असतं. त्यांनी कागदांची घडी घालून खिशात ठेवली.

"मग त्या मुंजी पुन्हाच लावा," ते म्हणाले. "माझा हात घाण आहे असं धरून त्या खऱ्या ठरणार असतील, तर नको. खोट्याच म्हणा."

ते बाहेर गेले. दार सरकतं होतं, त्यांनी ते हळूच लावून घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं, बघा, अजून माज गेलेला नाही. आणि मग प्रतिष्ठापना कोण करणार हा विषय निघाला. पोथी छापून घेऊन कुणीही करू शकतं असं ठरलं. चारुता म्हणाली, अंबरीषनं करावी, शांत माणूस आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अंबरीषनं आढेवेढे घेतले, दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा हो म्हणाला. त्यानं पुढचे पंधरा दिवस प्राणप्रतिष्ठेचे मंत्र पाठ केले, तोझाई लाइनच्या मेट्रोत जाता-येता, कानाला इयरफोन लावून.

गणेशचतुर्थीला सकाळी हॉलमध्ये मखर लागलं होतं. मी पँट्रीत दूर्वा निवडत होते. मागच्या दारानं विभा आली. मंडळाची पूजेची भांडी विलासरावांकडे असायची, ती परत द्यायला. ताम्हन, पळी, पंचपात्री, समई. सगळं लखलखीत घासून, वर्तमानपत्रात एकेक वेगळं गुंडाळून आणलं होतं. चारुता मागोमाग आली, तिनं भांडी मोजली आणि विभाच्या देखत मला म्हणाली, सुचेता, एकदा पुन्हा चिंचेनं घासून घे गं. आणि निघून गेली.

मी नळ सोडला. विभा गेली नाही. तिनं सांगितलं की पुढच्या शनिवारी ते दोघं कायमचं परत चालले आहेत. विलासरावांनी स्वतःच राजीनामा दिला. वाईला जाणार, पण तिथेही पूजा सांगणार नाही म्हणतात. सकाळचं स्नान झाल्यावर संध्याही करत नाहीत हल्ली.

"ताई, एक विचारू?" ती म्हणाली. रागानं नाही, खरोखरच कळत नसल्यासारखं. "जुलैत ते तुमच्याकडे आले होते ना? रात्री घरी आले आणि तीन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवले. मला म्हणाले, आता काळजी नको, ताई सांगणार आहेत. मीटिंगमध्ये काय झालं ते मला सांगतच नाहीत. तुम्हाला त्या वेळी आठवलं नाही का?"

त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं. माझ्या बोटांना चिंच झोंबत होती.

"नाही आठवलं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. असं होतं कधी कधी, असं म्हणाली, आणि वर्तमानपत्रं गोळा करून घडी घालून, कागदाच्या कचऱ्यात वेगळी ठेवून निघून गेली. आतून अंबरीषनं ताम्हन मागितलं. मी ते पुसलं आणि त्याच्यापुढे नेऊन ठेवलं. तो आचमनाला बसला होता. सगळे हात जोडून उभे राहिले, म्हणून मीही जोडले.